खांद्यावरचे वळ

संध्याकाळी कामावरून आलं की ज्याचं अंग जास्त दुखे त्याला आधी बाम, असा त्या घरचा न्याय होता. ओंटारिओतल्या लंडनमध्ये वाल्मिक बँकांची रोकड नेणाऱ्या चिलखती गाडीवर गार्ड होता. बेबी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवी, बसवी, न्हाऊ घाली. दोघंही दिवसभर ओझं उचलून येत आणि बहुतेक वेळा निकाल वाल्मिकच्या बाजूनं लागे.

त्या दिवशी चोळता चोळता बेबीचा हात थांबला. खांदे गुळगुळीत लागले. छातीला नि पाठीला गोळी अडवणाऱ्या प्लेटा बांधून फिरणारा माणूस. त्याच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ असायचे, नांगरलेल्या सरीसारखे. तिची बोटं डोळे मिटूनही त्या सऱ्यांतून चालत. आज सऱ्याच नव्हत्या.

"अहो, जाकीट घालता ना?"

"घालतो ना."

"मग खांदे असे हळदीच्या नवरदेवावानी काहून?"

वाल्मिक हसला नाही. पाठमोराच म्हणाला, "लै रुतते बेबी. दम लागते. गाडीतच काढून ठेवतो. बँकेच्या दारापर्यंत चार पावलं तर असतात."

त्या चार पावलांतच गेल्या हिवाळ्यात त्याच्या जोडीदारावर, दिलीपवर, कुणीतरी पिस्तूल रोखलं होतं. गोळी सुटली नाही. दिलीपनं मात्र नोकरी सोडली. वाल्मिकनं नाही सोडली. या वयात दुसरी कोण देणार होतं? बेबीनं डबीचं झाकण लावलं. भांडायला अंगात बळ लागतं, ते तिनं सकाळीच वृद्धाश्रमात संपवलं होतं.

"शनिवारी दुकानात जाऊ," ती एवढंच म्हणाली.

प्लेटा कंपनीच्या होत्या. पण त्या ज्याच्या खिशांत घालायच्या ते जाकीट, म्हणजे कॅरिअर, आपापलं आणलं तरी कंपनीची हरकत नव्हती. शनिवारी दोन्ही प्लेटा ग्रोसरीच्या कापडी पिशवीत घालून दोघं निघाले. दारातला बर्फ फावड्यानं उपसून थकलेला वाल्मिक गाडी चालवत होता आणि बेबीच्या मांडीवर ती पिशवी, झोपलेल्या लेकरासारखी जड.

दुकानात गुंजन नावाची दिल्लीकडची मुलगी होती. तिनं काउंटरवर तीन कॅरिअर मांडले. पहिल्याचे पट्टे शाळेच्या दप्तरासारखे बारीक. वाल्मिकचं सध्याचं अगदी तसलंच. तिसरा फौजेतल्या लोकांचा, हलका, अंगभर पट्ट्यापट्ट्यांचा, नि किंमत बघून वाल्मिकनं तो हळूच लांब सरकवला. मधल्याच्या खांद्यांना रुंद गादी होती, आतून वारा खेळणारी जाळी आणि कमरेला रुंद ताणपट्टा.

"हाच," बेबी म्हणाली.

"हाच," वाल्मिक म्हणाला. "पण एक्सएल दे. वरून पार्काचा जाड कोट, आतून स्वेटर. मोकळं बरं."

बेबीनं मान डोलावली. त्यांच्यात कुठलाही कपडा एक माप मोठाच येई. लेकरांचे गणवेश असोत की जयंतीचा पांढरा सदरा, आटेल, अंग भरेल, धाकट्याला होईल, म्हणून मोठा. घट्ट कपडा घेणं म्हणजे दुकानदाराकडून फसणं.

गुंजननं एक्सएलमध्ये प्लेटा सरकवल्या. त्या मोठ्या खिशांत खडखडल्या. वाल्मिकनं कॅरिअर चढवला, पट्टे आणखी सैल केले आणि सुस्कारा टाकला. "असं पाहिजे! बिलकुल जाणवत नाही."

"आंटी, देखिए," गुंजन म्हणाली. तिनं स्वतःच्या गळ्याखालच्या खळगीवर बोट ठेवलं. "प्लेट यहाँ से शुरू होनी चाहिए. कॅरिअर का साइज प्लेट से लेते हैं, शर्ट से नहीं."

बेबी नवऱ्यापुढं उभी राहिली. त्याच्या गळ्याच्या खळगीपाशी तिनं हात आडवा ठेवला आणि बोटं खाली खाली सरकवली. पंजाभर जागा गेली तेव्हा कुठं प्लेटची कड लागली. प्लेट पोटावर लोंबत होती. पोट झाकलेलं, काळीज उघडं. तळहाताखाली ते काळीज चालत होतं, थकलेल्या बैलासारखं, एका लयीत.

"अहो," ती हळू म्हणाली, "हे तर भाकरी राखाले घेऊन राहिलो आपण."

यावर मात्र वाल्मिक हसला. पोट हललं नि प्लेटही हलली.

गुंजननं मीडियम आणला. प्लेट खिशात गच्च बसली. खांद्याचे पट्टे तिनं वर ओढले, ताणपट्टा कमरेला आवळला. "अंकल, अब बैठिए. साँस लीजिए."

वाल्मिक स्टुलावर बसला. लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"दम लागते का?" बेबीनं विचारलं.

"घट्ट आहे." त्यानं खांदे हलवून पाहिले. "पण ओझं कमरेवर आलं. खांद्याले बरं वाटते."

"मग घालाल?"

"घालीन."

"गाडीतून उतरतानी?"

त्यानं खांद्याचा पट्टा अंगठ्यानं चाचपला. "सवयीनं पट्टे सैल करीन गं मी. मले ठाऊक आहे. दुपारपर्यंत हात आपोआप जाते."

खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. मीडियमच घेऊन दोघं घरी आले, तसं तिनं गोधडीचं दाभण काढलं, निळा जाड दोरा ओवला. कॅरिअर पुन्हा त्याच्या अंगावर चढवला, खळगीशी कड जुळवली आणि दोन्ही खांद्यांचे पट्टे तिथल्या तिथं शिवून टाकले, गोधडीला घालतात तसा धावदोरा. कमरेचा पट्टा मोकळा ठेवला. घालता-काढता तिथूनच यायचं होतं. शिवता शिवता तिच्या तोंडात आपोआप आलं:

*शिवते मी पट्टा, टाका घालते दमानं*
*माझ्या धन्याची गं छाती झाकते नेमानं*

"दोरा तुटला तर मले कळंल," ती म्हणाली.

"पोलिसात पाहिजे होतीस तू."

"बसा गप. सुई टोचंल."

सोमवारी वाल्मिक आला तो भिंतीला धरूनच बूट काढत. बेबीची पाठही त्या दिवशी भरून आली होती. न्यायानं बाम तिचा होता. तरी तिनं त्याचा सदरा उतरवला.

वळ होते. पूर्वीसारखे खोल नव्हते. रुंद, फिकट, दोन्ही खांद्यांवर सारखे. तिनं आधी डाव्यावरून बोट फिरवलं, मग उजव्यावरून. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

"दुखते का?"

"दुखते."

"दुखू द्या," बेबी म्हणाली, आणि बाम जरा जास्तच घेतला.