कुरड्यांचं ऊन

प्रयागबाईला नावाची भारी हौस, आणि ती तिने कधी लपवलीही नाही. बाजारहत्नूरजवळच्या त्यांच्या गावातल्या विहारासाठी नागपूरहून बुद्धाची मूर्ती आणायचं ठरलं, तेव्हा मूर्तीच्या बैठकीला आपल्या बांधावरचं सागवान देते म्हणून सगळ्यांआधी तीच उठली.

नागनाथ सुताराने फळ्या कापून तिच्याच गोठ्यात रचल्या. फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या, पुन्हा फळी, म्हणजे मधून वारा खेळतो. टोकांना शेणमाती लिंपून त्याने बजावलं, "मावशी, याले सावलीतच वाळू द्या. घाई केली का लाकूड रुसते."

वर्ष होत आलं, मूर्ती बसवायची ती वैशाखी पौर्णिमा तोंडावर आली, तरी नागनाथ फळीवर बोट वाजवायचा आणि मान हलवायचा. इकडे प्रयागबाईच्या कुरड्या दोन उन्हांत खडखडीत वाळत होत्या. तिला वाटलं, सुतार नुसता भाव खातोय. तो सासुरवाडीला गेल्याचं पाहून तिने फळ्या अंगणात ओढल्या, कुरड्यांशेजारी मांडल्या आणि आठवडाभर कुरड्यांसारख्याच उलटवल्या. टोकं फाटली. फळ्यांना बाक आला. भेगांवर शेण लिंपून तिने थप्पी गोठ्यात आठवेल तशी पुन्हा रचली.

नागनाथने परत येऊन थप्पी उघडली तेव्हा विहार समितीचा महिपत सोबत होता. फळ्या बघताच त्याचा पारा चढला.

"काऊन रे नागनाथ, वर्षभर हेच करून राह्यला होता का? आता मूर्ती काय जमिनीवर बसवाची?"

नागनाथने टोकावरचं शेण नखाने खरवडलं. ते ताजं होतं. अंगणातल्या कुरड्यांच्या खाटेकडे त्याने एकदा पाहिलं, प्रयागबाईकडे मात्र पाहिलं नाही.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. "थप्पी बराबर लागली नाई."

"मंग राहू दे. नेरडीगोंड्याचा सुतार आणतो मी." महिपत तिच्याकडे वळला. "मावशी, तुमी मनाले लावून घेऊ नका. दान तं तुमी देलंच. विहाराच्या भितीवर तुमचं नाव लिहूच आमी."

प्रयागबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच नावासाठी ती वर्षभर गावात मिरवली होती. खरं सांगायला तिने तोंड उघडलं आणि "चहा घेऊन जा" एवढंच बाहेर पडलं. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

महिपत चहाला थांबला नाही. नागनाथने पट्ट्या गोळा करून काखेत मारल्या. जाता जाता तो तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, खालच्या दोन फळ्या बऱ्या हायेत. त्या तरी उनात टाकू नका."

तो चिडला असता तर तिने सोसलं असतं. ती अनवाणीच रस्त्यावर धावली.

"महिपत, थांब. ते नाव लिहू नको, बाप्पा," ती म्हणाली, आणि पुढचं सांगताना तिची मान वर झाली नाही.