अजून वाढतंय

“ताई, ही स्लाइड तुम्ही बघू नका. दुसऱ्या कुणाला तरी द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“नको मॅडम. माझ्या लेकीची आहे, मीच बघते.”

ताईंनी खोलीतला दिवा मालवला आणि डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले.

लेकीचं हे तिसरं मूल पोटातच गेलं होतं. त्याचा इवलासा तुकडा तपासणीसाठी ताईंच्याच प्रयोगशाळेत आला आणि इन्क्युबेटरच्या उबेत, फ्लास्कच्या तळाशी वाढत राहिला. मूल गेलं हे त्याच्या पेशींना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या आपल्या एकीच्या दोन होत होत्या.

गुणसूत्रं मोजण्यात ताईंची उभी हयात गेली होती. तरी आज त्यांनी पुन्हापुन्हा मोजलं.

दुपारी लेक आली, स्टुलावर बसली.

“काय निघालं?”

“सोळा नंबरचं एक जास्तीचं आहे. बीजात गुणसूत्रं एकमेकांना धरून असतात, बारीक कड्यांनी बांधल्यासारखी. वय वाढलं की कड्या झिजतात, गाठ भलत्याच वेळी सुटते आणि वाटणी चुकते.”

“नव्या कड्या नाही बसत?”

“नाही गं. एकदाच बसतात.”

“कधी?”

“तू माझ्या पोटात होतीस तेव्हा. बाईची सगळी बीजं तेव्हाच तयार होतात.”

लेकीची नजर रसायनांच्या बाटल्यांवरून फिरली.

“तेव्हा तू इथेच कामाला होतीस ना?”

“होते. नववा लागेपर्यंत.”

“मग त्यामुळे?”

“बहुतेक वयामुळेच. पण छातीठोकपणे नाही सांगता येत.”

ताईंना पोटात, अगदी आत, काहीतरी हळूच कूस बदलल्यासारखं वाटलं. या वयात. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“मुलगी होती?” लेकीने विचारलं.

“हो.”

“आणि ते… अजून वाढतंय?”

“एक फ्लास्क आहे. रिपोर्टवर मॅडमची सही झाली आता. ब्लीच घालून टाकून द्यायचा.”

“दे ना मला. जरा वेळ.”

ताईंनी इन्क्युबेटर उघडला. लेकीने फ्लास्क दोन्ही तळव्यांत धरला.

“गरम आहे,” ती म्हणाली.

ताई ब्लीचची बाटली घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. ‘आण इकडे’ म्हणणं त्यांच्याने होईना. फ्लास्क पार निवला, तेव्हा लेकीनेच तो पुढे केला.