नियमात बसणारी

नळाखाली पदराचं टोक भिजवून तुळसाने कपाळावरचं कुंकू पुसलं. गळ्यातली गळसरी आणि हातातल्या बांगड्या कनवटीला खोचल्या, लहानग्या लवूला काखेत घेतलं आणि भोईवाड्यातल्या पाळणाघराच्या रांगेत ती उभी राहिली.

प्लेगच्या सालानंतर सरकारी पैशावर हे पाळणाघर निघालं होतं. नियम दोनच. मूल तीन वर्षांच्या आतलं हवं आणि आई गिरणीत राबणारी विधवा हवी. नवरा असलेलीला तिथे थारा नव्हता.

शेजारच्या खोलीतल्या शेवंताचा नवरा त्या साथीत गेला. तिचा चंदू आता दोन वेळचं दूध पिऊन गुबगुबीत झाला होता. लवूला मात्र तुळसा अफूची गोळी चाटवून खोलीत निजवायची. संध्याकाळी गिरणीतून आल्यावर आधी त्याच्या नाकाशी बोट धरायची. गुणाजी, तिचा नवरा, साथीला भिऊन राजापूरला पळाला त्याला वर्ष उलटलं होतं. ना पत्र, ना निरोप. चंदूचे गाल दिसले की तुळसा नजर वळवी. कपाळ पांढरं झालेल्या बाईचा आपण हेवा करतो, याची लाजही तिला वाटेनाशी झाली होती.

“नवरा?” कारकुनाने विचारलं.

“मेला.”

“साक्षीला कोण?”

तुळसाने लवूला दुसऱ्या काखेत घेतलं. चंदूला सोडायला आलेली शेवंता मागेच उभी होती. तिने तुळसाच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.

“मी हाय, रावसाहेब. आम्हा दोघींचे एकाच आठवड्यात गेले.”

लवूला पाळणा मिळाला. वाटेत तुळसा काही बोलू गेली, तर शेवंता म्हणाली, “चल, भोंगा होईल.”

महिन्याभरात लवूने बाळसं धरलं. मग एका संध्याकाळी दोघी मुलांना न्यायला आल्या, तर फाटकाशी गुणाजी! वाळलेला, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. चाळीत विचारत विचारत आला होता.

पाळणाघरातल्या दाईने लवूला तुळसाच्या हाती दिलं. “हे कोण गं?”

शेवंता एकदा गुणाजीकडे, एकदा तुळसाकडे बघत राहिली. तिचा एक शब्द पुरे होता. तिचा नवरा काही असा परतणार नव्हता. तिचा चेहरा करपल्यासारखा झाला.

तुळसाने लवूला छातीशी आवळलं.

“दीर,” ती म्हणाली. “गावचे.”

लवूकडे पुढे केलेला हात गुणाजीने हळूच मागे घेतला.