आलेखाबाहेरचा चौक

तिनं संगणकावर आलेखाच्या पर्यायांत जाऊन ठिपक्यांना नावं लावली आणि आधी शोधला तो लेकीच्या शाळेचा चौक. नकाशा हाती आला की माणूस पहिलं आपलं घर शोधतो, त्यातलाच प्रकार. कामाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

चौक सापडला नाही.

शहरातल्या प्रत्येक चौकाचा एक ठिपका होता. रहदारी, वळणं, रस्त्याची रुंदी यांवरून तिथं वर्षाला किती अपघात व्हावेत, याचा अंदाज मॉडेल बांधायचं. प्रत्यक्षात त्या अंदाजापेक्षा जितके जास्त, तितका ठिपका वर. समिती फक्त हा आलेख बघून सिग्नल कुठं बसवायचे ते ठरवायची. आज दुपारी तो मांडायचा होता तिनं, अहवालावर सहीही तिचीच. मॉडेल मात्र सरांचं. अख्खी हयात त्यांनी त्यात घातली होती आणि कार्यालयात त्याविषयी कोणी ब्र काढत नसे.

सरांनी तिला बोट धरून हे काम शिकवलं होतं. पडद्यावरचे आकडे तळहातानं झाकून ते म्हणायचे, "आधी चित्र बघ. आकडे फार गोड बोलतात." वडील गेल्यावर घरचं माणूस म्हणून उभे राहिले तेही सरच. लेक तर त्यांना आजोबाच म्हणायची.

मूळ माहितीत चौक होता. तिला हायसं वाटलं. म्हणजे घोळ आपलाच. मग तिनं सरांचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच ओळीनं वाचला. एका ओळीत उभा अक्ष मध्येच थांबवला होता. त्याच्या वरचं काही रेखाटायचंच नाही. तिनं ती ओळ पुसली.

आलेख पुन्हा उमटला. बाकीचे ठिपके तळाशी अंग चोरून बसले आणि पार वरच्या कडेला एकटा उरला शाळेचा चौक. तिनं तो कागदावर छापून घेतला.

सर आपल्या खोलीत पेन्सिलीला टोक काढत होते.

"सर, उभा अक्ष कापलाय."

"छापताना बसत नव्हता."

"बसतोय." तिनं कागद त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी तो पाहिला नाही. "एक चौक बसत नाही म्हणून लोक सगळं मॉडेल मोडीत काढतील. मला एवढं निवृत्त होऊ दे, मग घाल हवा तो गोंधळ."

"आपली चिमणी रोज तिथून रस्ता ओलांडते. तुम्हीही किती वेळा सोडलंय तिला."

"सोडलंय ना. म्हणून तर तुला सारखा सांगतो, तिथं तिचा हात सोडू नकोस."

ते खरंच सांगायचे. तिला ती माया वाटायची.

"मग सहीला मीच का? दुसरं कोणी नव्हतं?"

"दुसऱ्यानं तपासलं असतं," सर म्हणाले, आणि तेही अगदी प्रेमानं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांनी चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं. इतकी वर्षं आपण डोळे मिटून विश्वास टाकला आणि तेवढंच त्यांच्या उपयोगी पडलं, हे तिला सोसवेना. कागद उचलून ती बाहेर आली.

दुपारी समितीच्या खोलीतले दिवे मंद झाले. सर पहिल्या रांगेत, नेहमीच्या खुर्चीत. पडद्यावर आलेख आला, न कापलेला, नावांसकट. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि आलेखाखालचे आकडे वाचायला घेतले.

"एक मिनिट, बाई." ती पडद्याजवळ गेली आणि आकड्यांवर तळहात ठेवला. "आधी चित्र बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. सर तेवढे मांडीवरच्या आपल्या तळहाताकडं बघत बसले.