पाकिटाची कड

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलेलं असताना, अर्वो एक पाकीट घेऊन व्हिएनोच्या दारात आला. एरवी तो टपाल घेऊन कुणाच्या घरी जात नसे. फिनलंडहून अमेरिकेत आलेल्यांनी वसवलेल्या त्या गावचं पोस्ट त्याच्याच किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात होतं आणि ज्याने त्याने आपलं टपाल तिथून न्यायचं, अशी रीत होती. पण हे पाकीट वॉशिंग्टनहून आलं होतं, आणि हातात घेतल्यावर आत काहीतरी कुरकुरलं होतं.

“उघड,” तो बूटसुद्धा न काढता म्हणाला.

“बस तरी. कॉफी टाकते.”

“आधी उघड गं.”

व्हिएनो हिएताला चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एकविसाव्या वर्षी तिचं रेइनोशी लग्न झालं आणि सात महिन्यांनी तो कोरियाच्या लढाईवर गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, उत्तरेकडच्या एका गोठलेल्या जलाशयाकाठी, तो बेपत्ता झाला. पुढे तिने ऑस्करशी लग्न केलं. भला माणूस होता. दोन मुली झाल्या, त्या आपापल्या संसारात गेल्या, ऑस्करही गेला. चर्चमागच्या दफनभूमीत रेइनोच्या नावाचा दगड तेवढा होता. खाली काही नव्हतं.

जानेवारीत सरकारी कार्यालयातून मिस प्रुइट नावाच्या बाईचा फोन आला होता. कोरियातून आलेली काही हाडं हवाईतल्या प्रयोगशाळेत होती. एका पेटीतली हाडं चार बेपत्ता सैनिकांपैकी एकाची असावीत, आणि त्या चारांत रेइनोचं नाव होतं. हाडांशी डीएनए जुळवून बघायला त्याच्या आईकडचं कुणी आहे का? कुणी नव्हतं. रेइनो एकुलता एक, आई फिनलंडच्या अनाथालयातून आलेली. मग त्याच्या शरीराचं काही? लहानपणीचे केस, दुधाचे दात, त्याने जिभेने चिकटवलेली पाकिटं? “जे असेल ते सगळं पाठवा,” मिस प्रुइट म्हणाली होती. “जितकं जास्त, तितकं बरं.”

व्हिएनोकडे होतं. सासूच्या बायबलमध्ये रेइनोच्या पहिल्या जावळाची बट होती, कणसाच्या केसांसारखी पिवळी. आणि कोरियाहून आलेली चार पत्रं, पाकिटांसकट.

कार्यालयाने खाजगी कुरिअरचं पाकीट पाठवलं होतं. यातूनच पाठवा, असं पत्रात लिहिलं होतं. पण हिवाळ्यात कुरिअरची गाडी टेकडी चढून येत नसे, आणि त्यांचं दुकान साठ मैलांवर.

“कुणा परक्या ड्रायव्हरच्या हातात देणार हे?” अर्वो तेव्हा म्हणाला होता. “रजिस्टर कर. प्रत्येक टप्प्यावर सही, कुलूपबंद. यापेक्षा सुरक्षित जगात काही नाही. माझा शब्द.”

आणि तिने रजिस्टर केलं होतं.

आता तिने पाकीट फाडलं. टेबलावर पिवळट भुगा सांडला. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, इस्त्री नायलॉनवर राहून गेल्यावर येतो तसा. तिने बट ज्या पारदर्शक पिशवीत ठेवली होती, ती आक्रसून एका पाकिटाला चिकटून बसली होती. पत्रांचे कागद भट्टीत विसरल्यासारखे तपकिरी झाले होते आणि घड्यांवर मोडत होते. सोबत पाठवलेले दोन फोटो समोरासमोर चिकटून एकजीव झाले होते. तिने एक कड उचलायला बघितली, तेव्हा रेइनोच्या चेहऱ्याचं सालपट निघालं.

जावळाची बट तांबूस झाली होती. तिने बोट लावलं, आणि बोटाखाली तिचे तुकडे झाले.

सोबतच्या चिठ्ठीत मिस प्रुइटने लिहिलं होतं: दोन वर्षांपूर्वी पत्रांतून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवून माणसं मारली गेली, तेव्हापासून सरकारी कार्यालयांचं टपाल आधी किरणांच्या माऱ्याखालून जातं. त्यात जंतू मरतात. केसांत आणि लाळेत आम्ही जे शोधतो, तेही त्यातच मरतं. चारही पाकिटांतून काही हाती लागलं नाही. म्हणूनच कुरिअरचं पाकीट दिलं होतं. अत्यंत खेद आहे.

अर्वोने चिठ्ठी दोनदा वाचली. मग खुर्चीत बसला.

“मला परिपत्रक आलं होतं,” तो म्हणाला. “काउंटरमागे टाचून ठेवलंय मी. मला वाटलं, ते साध्या टपालाला. रजिस्टरला कोण हात लावतंय?”

व्हिएनो भुगा तळहाताने एका जागी गोळा करत होती.

“बोल काहीतरी. शिव्या दे.”

“घरी जा अर्वो.”

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात पाटी लावली: वॉशिंग्टनला काही पाठवायचं असेल तर आधी मला विचारा. व्हिएनोने ती वाचली नाही. दोन महिने ती त्याच्या दुकानातच गेली नाही.

पण त्या आठवड्यात तिला एक गोष्ट आठवली, जी तिने पन्नास वर्षं मुद्दाम आठवली नव्हती. रेइनोचं आधी लेम्पी सालोशी ठरलेलं होतं. ते मोडून त्याने व्हिएनोशी लग्न केलं. आणि तो बेपत्ता झाल्याची तार आली, त्या हिवाळ्यात कुणीतरी म्हणालं होतं, की लेम्पीलाही कोरियाहून एक पत्र आलंय.

लेम्पी आता तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात होती. व्हिएनो वेलचीचा निसू पाव घेऊन गेली. लेम्पी खिडकीशी बसली होती. डोळे दुधाळ झाले होते, पण पावलांवरून तिने ओळखलं.

“पन्नास वर्षांनी आलीस? मी मेले का बघायला?”

“तसं असतं तर पाव कशाला आणला असता?”

“विष घालून आणला असशील.” लेम्पीने पाव हुंगला. “काय हवंय तुला?”

व्हिएनोने सगळं सांगितलं. केस, पाकिटं, किरणं, भुगा.  लेम्पीने कपाटातला शिवणाचा डबा आणायला सांगितलं. त्याच्या तळाशी पाकीट होतं, बंद केलेलं. लेम्पीने बोटांनी चाचपून ते उघडलं, आतलं पत्र काढून मांडीखाली दाबलं आणि रिकामं पाकीट पुढे केलं.

“थुंकी त्याची, ती तू ने. शब्द माझे आहेत.”

व्हिएनोला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तिने पाकीट घेतलं. या वेळी तिने थोरल्या मुलीला बोलावलं, आणि दोघी साठ मैल गाडी चालवून कुरिअरच्या दुकानात गेल्या. पावती हातात पडेपर्यंत व्हिएनो तिथून हलली नाही.

मे महिन्यात मिस प्रुइटचा फोन आला. आवाजावरूनच व्हिएनो काय ते समजली.

“पाकिटाच्या कडेवर लाळ मिळाली,” मिस प्रुइट म्हणाली. “भरपूर मिळाली. पण ती एका बाईची आहे. खाली आणखी कुणाची असलीच, तर ती आता वेगळी काढता येत नाही.”

त्याच दुपारी व्हिएनो वृद्धाश्रमात गेली. कोटही काढला नाही.

“काय केलंस तू त्या पाकिटाला?”

लेम्पीने विचारलं नाही कोणत्या. 

“दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला उघडायची,” ती म्हणाली. “वाचायची आणि परत बंद करायची. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा उघडता येईल. बंद पाकीट उघडलं की क्षणभर वाटायचं, आजच आलंय.” तिने हवेतच बोटांनी कड दाबून दाखवली. “त्याचा डिंक कधीच गेला. मग मी बाटलीतला लावायची. पण जीभ फिरवायचीच. सवय गं.”

“मला सांगायचं तरी होतंस.”

“मला काय ठाऊक? मला वाटलं, त्याची थुंकी त्याचीच राहते.”

व्हिएनोच्या तोंडात शिवी आली, तिची आई गाईंना घालायची ती. ती बाहेर पडली नाही. समोर एक आंधळी म्हातारी बसली होती, जिने पन्नास वर्षं चाटून चाटून एका माणसाला पुसून टाकलं होतं. आणि जे पुसायचं उरलं होतं, ते व्हिएनोने स्वतः पोस्टात नेऊन दिलं होतं. कुणावर ओरडायचं?

ती पलंगाच्या काठावर बसली.

“काय लिहिलं होतं त्याने?”

“कशाला हवंय?”

“सांग.”

लेम्पीला पत्र काढायची गरज नव्हती. तिला पाठ होतं. रेइनोने लिहिलं होतं, की पायाची बोटं काळी पडलीत आणि आता दुखतही नाहीत, तेच भयंकर आहे. जवळच्या खड्ड्यात कुणीतरी रडत असतं, असं रोज वाटतं, आणि मग कळतं की ते आपणच. हे व्हिएनोला लिहिता येत नाही. ती मला शूर समजते. तू मला ओळखतेस, लेम्पी.

व्हिएनोला आलेल्या चार पत्रांत हवालदाराच्या घोरण्याच्या गमती होत्या, आणि डब्यातल्या घेवड्याच्या. ती पत्रं आता वाचता येत नव्हती, पण तिला ती आठवत होती. पन्नास वर्षं ती त्यांवर हसली होती.

“मी शूर समजत नव्हते त्याला,” ती शेवटी म्हणाली. “तो उंदराला भ्यायचा.”

“ठाऊक आहे,” लेम्पी म्हणाली. “पण तू त्याला तसं सांगितलं नसशील कधी.”

नव्हतं सांगितलं.

त्यानंतर व्हिएनो अधूनमधून तिकडे जात राहिली. मैत्री झाली असं नाही.  ऑक्टोबरात लेम्पी गेली. तिच्या मुलाने ते पत्र व्हिएनोपुढे धरलं आणि विचारलं, तुम्हाला हवंय का? व्हिएनोने ते हातात घेतलं, पण उघडलं नाही. “तिच्याबरोबर ठेव,” ती म्हणाली.

हवाईतली पेटी तिथेच आहे. तिच्यावर नाव नाही, आकडा आहे.