टेकडीवरची रिकामी बस

विजेच्या नव्या बसगाड्या येणार ही बातमी डेपोत फुटली, तेव्हा सगळ्यांत जास्त हुरळला तो टेकडीच्या बसचा कंडक्टर. बाकीचे म्हणाले, येतील तेव्हा खरं. हा मात्र घरी जाऊन ताईला सांगून मोकळा झाला, की आपल्या टेकडीवर आता बिनधुराची, बिनआवाजाची गाडी येणार, दवाखान्यात जाताना तुझ्या पोटातलं पाणीसुद्धा हलायचं नाही. माणसाने आधी नकाशा बघावा आणि मग तोंड उघडावं, एवढी साधी अक्कल त्याला पन्नाशी उलटली तरी आली नव्हती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. दोघंही एकटी, टेकडीच्या माथ्यावर दोन खोल्यांत राहायची. ताईची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिला एक दिवसाआड डायलिसिसला जावं लागे. जाताना ती बरी असायची, येताना मात्र तिच्यात उभं राहायचं त्राण उरत नसे. तेव्हा भावाची बस तिला माथ्यावरच्या शेवटच्या स्टॉपवर, अगदी घरासमोर सोडायची. बस होती म्हणून ताई होती, इतका सरळ मामला होता.

त्या बसच्या ड्रायव्हरचं नाव डेपोने तूफान ठेवलं होतं, कारण तो गोगलगायीला लाजवेल इतकी सावकाश गाडी चालवायचा. त्यालाही इलाज नव्हता. टेकडीच्या वळणावर एका वेळी एकच गाडी मावायची. वर जाणारी बस उशिरा पोचली, की उतरणारी समोर येऊन ठाकायची आणि दोघांपैकी एकाला चढावर गाडी मागे घ्यावी लागायची. एकदा मागे घेताना चाक कठड्याबाहेर गेलं होतं. तेव्हापासून तूफान म्हणायचा, "हळू चालवणं माझ्याकडे, पण स्टॉपवर वेळ घालवलास तर याद राख."

आता टेकडीवर राहायचं कोण, तर म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि शाळेची पोरं. या सगळ्यांना प्रवास फुकट. पण फुकट असला तरी नियमाने प्रत्येकाला शून्याचं तिकीट द्यायचं असतं. ओळखपत्र बघायचं, कुठे चढला, कुठे उतरणार ते यंत्रात दाबायचं आणि कागद बाहेर येईपर्यंत थांबायचं. एखाद्या आजीने पिशवीच्या तळातून कार्ड उपसून काढेपर्यंत वळणावर समोरच्या गाडीचा हॉर्न सुरू व्हायचा. म्हणून या रस्त्यावरच्या कंडक्टर लोकांत एक जुना शिरस्ता होता: टेकडीवर शून्य काढायचं नाही. चेहरे पाठ असायचे, नुसती मान हलवली की काम झालं. नव्या कंडक्टरला हे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. कुणाचा पैसा बुडत नव्हता, वर म्हाताऱ्यांचे आशीर्वाद मिळत होते. आपल्या कंडक्टरला तर या गोष्टीचा अभिमान होता.

मग एका दुपारी डेपोच्या भिंतीवर नवा नकाशा लागला आणि नियोजन विभागाच्या मॅडम तो समजवायला आल्या. बाई चांगल्या होत्या, हे सांगितलंच पाहिजे. म्हणाल्या, शहराची हवा श्वास घेण्याच्या लायकीची राहिलेली नाही, लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात असं वाटत असेल तर बस दर दहा मिनिटांनी आली पाहिजे, आणि त्यासाठी वाकडेतिकडे रस्ते सोडून सरळ मोठ्या रस्त्यांवर जोर द्यायला हवा. कंडक्टर मनापासून मान डोलवत होता. दिवसभर धुरात खोकणाऱ्याला हे कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. डोलवता डोलवता तो नकाशावर आपली टेकडी शोधत होता. नव्या बसची हिरवी रेघ टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली होती आणि तिथून सरळ पुढे निघून गेली होती.

"मॅडम, टेकडी राहिली वाटतं," तो म्हणाला.

"राहिली नाही, वगळली," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांची यंत्रावरची तिकिटं तपासली आम्ही. तुमची बस दिवसभर जवळजवळ रिकामी फिरते. रिकामी बस म्हणजे नुसता धूर, काका."

"रिकामी? अहो, उभं राहायला जागा नसते."

"मग ती माणसं तिकिटं का घेत नाहीत?"

तूफान आपल्या बुटांकडे बघत राहिला. टेकडीवर ड्यूटी केलेले आणखी चारसहा जण बसले होते, त्यांनाही एकदम कुठे बघावं ते कळेना. इतकी वर्षं आपण माणसांवर दया करत होतो की त्यांना एकेक करून पुसून टाकत होतो, हा विचार कंडक्टरच्या डोक्यात तेव्हा आला आणि मग कधी गेलाच नाही.

बैठक संपल्यावर तो मॅडमच्या मागे मागे त्यांच्या खोलीत गेला आणि सगळं कबूल केलं. नोकरी गेली तरी चालेल म्हणाला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण विश्वास बघून कुणी मला बस देत नाही. या आकड्यांवर गाड्या मंजूर झाल्या, सह्या झाल्या. आता टेकडीला एक गाडी द्यायची तर दुसऱ्या कुठल्या तरी भरलेल्या रस्त्यावरून काढावी लागेल. पुढच्या वर्षी फेरमोजणी आहे, तेव्हा बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत माझी ताई..." एवढं बोलून तो उठून बाहेर आला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रत्येकाला शून्याचं तिकीट द्यायला सुरुवात केली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय? म्हातारी माणसं चिडली. "कधी नव्हे ते आजच कसला कागद?" एक आजोबा म्हणाले, "ओळख विसरलास का रे?" बस उशिरा धावायला लागली, वळणावर रोज खोळंबा होऊ लागला, आणि पोरांच्या शाळेतून तक्रारी आल्या. त्याने वाढलेले आकडे वर पाठवले, तर उत्तर आलं, की बंद होणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर शेवटच्या दिवसांत अशीच तिकिटं वाढतात, त्यात नवल नाही. शिवाय ही बस वेळही पाळत नाही.

बस बंद झाली त्या दिवशी टेकडीवरची माणसं स्टॉपवर जमली. कुणी फुलं आणली, कुणी खोकल्यावरचं औषध. सगळ्यांच्या वतीने एक निवृत्त परिचारिका बोलायला उभी राहिली. "बाकीच्या बसमध्ये कार्ड दाखवा, कागद दाखवा. तुम्ही आम्हाला कधी हात पसरायला लावला नाहीत," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. फुलं हातात धरून तो मान खाली घालून उभा राहिला आणि सगळ्यांना वाटलं, बिचारा किती विनयशील आहे.

घरी आल्यावर त्याने ताईला सगळं सांगितलं. ती पाय उशीवर ठेवून बसली होती.

"माझंही नाही काढलंस कधी?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी त्या बसमध्ये नव्हतेच म्हण," ती म्हणाली आणि हसली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "जा, तोंड धू. आपण कुणाला सांगायचं नाही हे."

त्याला ड्यूटी मिळाली ती पायथ्याशी थांबणाऱ्या नव्या बसवर. बस खरोखरच देखणी होती. कधीही बसमध्ये पाय न टाकलेली साहेब मंडळी तिच्यात चढू लागली, मोठ्या रस्त्यावरची हवा निवळली. तो रोज हे बघायचा आणि त्याला खोटंही म्हणता यायचं नाही. इकडे टेकडीवर ज्यांना जमलं त्यांनी जुन्या स्कूटर घेतल्या, त्यांचा धूर दिवसभर वळणावर साचू लागला. ज्यांना जमलं नाही ती माणसं घरात बसली. टॅक्सीवाले चढाचं नाव काढलं की मान फिरवायचे.

टेकडीवरून पायथ्याला जायला आता नुसत्या पायऱ्या उरल्या; ताईला त्या उतरायला जमायचं. वर चढताना मात्र दर वळणावर बसावं लागे, आणि त्याची ड्यूटी संपेपर्यंत ती पायथ्याच्या बाकावर वाट बघत पडून राहायची. त्याने तिला पाठीवर घेऊन पाहिलं. अर्ध्यावर दोघंही पडली. त्यानंतर ती एक दिवसाआड जायची ती आठवड्यातून दोनदा जाऊ लागली, मग एकदा. पाय सुजले, श्वास लागायला लागला. तो ओरडला, रडला, पाया पडला. ती म्हणायची, "तू कितीही ओढलंस तरी चढायचं मलाच आहे ना?"

शेवटी शेजारच्या पोराच्या स्कूटरवर मधे बसवून त्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, मायाळू होते. कागद बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आजी, एवढ्या खेपा चुकवल्यात? असं चालत नाही. येण्याजाण्याची अडचण आहे का?" मग त्यांचं लक्ष मागे उभ्या असलेल्या कंडक्टरकडे गेलं आणि ते ओळखीचं हसले. "छे, अडचण कसली? मी स्वतः गाडी विकली यांच्या बसमुळे. टेकडीच्या स्टॉपवरून तर दर दहा मिनिटांनी आहे."

कंडक्टरने बोलायला तोंड उघडलं. ताईने मागे न बघता हात लांब करून त्याचं मनगट घट्ट धरलं. त्या हातात एवढी ताकद अजून उरली असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अडचण काही नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "मलाच कंटाळा आला यायचा."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.