वूतीने उचललेली मुलगी

माझी बायको नेल्डा वारली तेव्हा तिने सुरू केलेला कुळाचा शोध अर्धाच राहिला होता. तो मी पुढे चालवला, कारण रोझिनाचं लग्न त्यावर अडलं होतं. मला हौस नव्हती.

रोझिना आमची मुलगी. डाल्टन बर्डटेलशी तिचं जमलं. पोरगा चांगला. पण त्याची आजी ओला जुन्या वळणाची. ती म्हणाली, "आम्ही लांडगा कुळातले. तुमचं कूळ सांगा, मग तारीख धरू." एका कुळातली ती भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही. आम्हा चेरोकींमध्ये कूळ आईकडून येतं, त्यामुळे माझं सांगून उपयोग नव्हता. नेल्डाचं हवं होतं, आणि तिच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिच्या आईच्या आईच्या आईची आई आनीवेकी. गोऱ्यांनी आमच्या लोकांना पूर्वेकडच्या डोंगरांतून हाकलून इकडे आणलं, त्या हिवाळ्यात ती लहान पोर होती. आईबाप वाटेत गेले. वूती नावाच्या बाईने तिला वाढवलं. नेल्डाने वूतीचा माग काढला, ती रक्ताची नाही असं कळल्यावर तो सोडून दिला आणि खऱ्या आईचं नाव शोधत बसली. आजारपणातसुद्धा तेच. मग मीही तेच शोधत राहिलो. टालेक्वाह गावातल्या कचेऱ्या, मोडकी दफनभूमी, अक्षरं पुसलेले दगड. काही मिळालं नाही.

शेवटी वॉटी च्युईकडे गेलो. वूती त्याच्या आजीची आजी, आईकडून. म्हातारा अंगणात हिकरीची अक्रोडासारखी कडक फळं दगडाने कुटत बसला होता. नेल्डाला पुरलं त्या दिवशी न बोलावता फावडं घेऊन आला होता, त्यानंतर आज भेटलो.

"ये. असा काय दिसतोस? जेवतोस की नाही?"

"जेवतो, वॉटीमामा."

"खोटं. कुत्रंसुद्धा तुझ्यापेक्षा भरलेलं आहे माझं. बस."

मी त्याला विचारलं, "आनीवेकीच्या आईचं नाव कधी ऐकलंत?"

"नाही. तुझ्या बायकोनेही हेच विचारलं होतं. नाही म्हटलं. आभार मानून गेली. घाई फार तिला."

"मग संपलं," मी म्हणालो. "तिचं कूळ आता कळायचं नाही."

त्याने दगड खाली ठेवला. "कूळ हवंय तुला?"

"तेच तर हवंय."

"मग आईचं नाव कशाला विचारत होतात रे दोघं? आजी सांगायची मला. नदी गोठलेली, माणसं काठावर अडकलेली. पोर आईच्या प्रेताला धरून बसलेली. वूती तिथून चालली होती. तिची स्वतःची दोन पोरं, अन्न नाही. तरी थांबली आणि पोरीला एवढंच विचारलं, तुझं कूळ कोणतं? पोर म्हणाली, लांडगा. वूती म्हणाली, मग मीच तुझी आई, ऊठ. वूती लांडगा, मी लांडगा. तुझी नेल्डा माझी भाची लागायची. नाहीतर या वयात कुणाच्या थडग्याची माती मी कशाला उपसू?"

मी खाली पडलेलं एक फळ उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"रक्ताची नाही म्हणून सोडून दिलीत तिला," तो म्हणाला. "शिकलेली माणसं. चेरोकी म्हणवता आणि गोऱ्यांसारखं शोधता."

"नेल्डाला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, ठाऊक असेल. आपलं कूळ कुणाला ठाऊक नसतं?"

मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने विचारलं, "पोरीचं कुणाशी ठरतंय?"

"बर्डटेलांच्या डाल्टनशी."

त्याने दगड पुन्हा उचलला. "ओलाला मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "ते तुझं काम, जावई."

घरी येताना वाटलं, सापडलं नाही म्हणून सांगावं. मीही थकलो होतो, ओलाही कधीतरी थकली असती. नेल्डा असती तर काय म्हणाली असती ते मला कळेना. पण मुलगी दारातच उभी होती.

"कळलं?"

"कळलं. लांडगा."

ती पायरीवर बसली. मी तिला नदीकाठचं सगळं सांगितलं. तिने मध्ये काही विचारलं नाही. नंतर म्हणाली, "बाबा, काही लोक नाही पाळत हे आता."

"नाही पाळत."

"डाल्टन म्हणेल, आपणही नको पाळायला."

"म्हणेल."

"मग वूतीने कूळ विचारून तिला उचललं, ते उगीच का?"

तिने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली घेतली. "मी डाल्टनला जाऊन सांगते. ही फोनवर सांगायची गोष्ट नाही."

"मी येतो."

"नको. दमलात तुम्ही."

दमलो होतोच. पण बूट अजून पायातच होते. जाऊन गाडीत तिच्या शेजारी बसलो.